कारंज्याची कमान किती लांब, किती उंच?

कारंज्यातून तिरकी उडालेली धार नेहमी कमानीसारखीच का वळते? पुण्यात अशा कारंज्यांचा माग कात्रजपर्यंत जातो. 18व्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून बंदिस्त नळातून पाणी शहरात आणले. पंप नव्हताच, कात्रज उंचावर, शहर सखल. त्याच उताराच्या जोरावर पेशव्यांच्या शनिवारवाड्यातील कारंजी उडत.

कमानीचे कारण असे: धार पुढे एकाच वेगाने सरकते, पण गुरुत्वाकर्षण तिचा वर जाण्याचा वेग सतत कमी करते. माथ्यावर तो शून्य होतो आणि पाणी खाली येते. गणितात या वळणाला पॅराबोला म्हणतात, आणि ते क्वाड्रॅटिक फंक्शनचे, म्हणजे वर्ग असलेल्या सूत्राचे, चित्र असते.

समजा, धार हौदाच्या पाण्यालगत निघाली आणि 4 फुटांवर परत पाण्यात पडली. म्हणजे अंतर 0 ते 4 फूट: हे डोमेन. आता रेंज, म्हणजे धार कोणकोणत्या उंचीवरून जाते ते. कमान दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून माथा बरोबर मध्ये, 2 फुटांवर. तिथली उंची 3 फूट असेल, तर रेंज 0 ते 3 फूट.

कागदावर मात्र हौद नसतो. तिथे कोणतीही संख्या चालते, म्हणून डोमेन अमर्याद. रेंज माथ्यापासून खाली कितीही. कमान उलटी, वाटीसारखी असेल तर रेंज तळापासून वर कितीही. म्हणून विद्यार्थ्यांनो, आधी मध्य शोधा, मग तिथली उंची काढा. रेंज तिथेच सापडते.