सालीतली चव

थॉमसन जातीच्या द्राक्षाचा मणी खायला झकास, पण वाइनवाले त्याच्याकडे फारसे वळत नाहीत. साल पातळ, बी नाही, नुसता रस. वाइनचं द्राक्ष याच्या उलट: मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाल्लं तर गोड लागतं, पण साल चावत बसावं लागतं आणि बी दाताखाली आली की तोंड तुरट होतं. हा तुरटपणा टॅनिनचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रससुद्धा पांढुरकाच असतो. रंग असतो तो सालीत. साली रसात काही दिवस भिजल्या तर रेड, काही तासांत काढल्या तर रोझे.

फ्रान्समध्ये तोडणी आपला पावसाळा सरताना, नाशिकला मात्र जानेवारी ते मार्च. फळासाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर थंडीत घड भरतात आणि फेब्रुवारीचं ऊन चढलं की साखर भराभर वाढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. इथे शेनिन ब्लाँ कामाला येतं. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं हे द्राक्ष उन्हातही आंबटपणा धरून ठेवतं. चव हिरव्या सफरचंदाची, कधी मधाकडे झुकणारी. बऱ्याचदा थोडी साखर मुद्दाम राखलेली असते.

सोव्हिन्यों ब्लाँचा ग्लास नाकाशी नेला की ताजी चिरलेली ढोबळी मिरची आठवते. आठवणारच, कारण दोन्हींत पायराझिन गटातलं एकच संयुग आहे. घडावर ऊन पडत गेलं की ते कमी होतं, मग पेरू आणि पॅशनफ्रूट पुढे येतात. गंमत म्हणजे कॅबरने सोव्हिन्यों या काळ्या, तुरट, भारदस्त द्राक्षाच्या आईबापांपैकी एक चक्क हेच पांढरं सोव्हिन्यों. दुसरं कॅबरने फ्राँ. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने 1997 मध्ये डीएनएवरून हे नातं सिद्ध केलं. अर्धवट पिकलेल्या कॅबरनेला ढोबळीचा वास येतो तो घराण्यातला. नीट पिकलं की ब्लॅककरंट, देवदार.

शिराझला काळ्या मिरीचा वास येतो, आणि हेही नुसतं वर्णन नव्हे. रोटुंडोन नावाचं तेच द्रव्य मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये ते प्रसिद्ध केलं. काही जणांच्या नाकाला ते अजिबात कळत नाही, त्यामुळे एकाच टेबलावर ‘मिरी आहे’, ‘कुठाय?’ असा वाद रंगला तर दोघंही खरं बोलत असतात.

झिनफँडेलच्या एकाच घडात काही मणी मनुकेसारखे सुकलेले, काही अजून कच्चे. म्हणून वाइन जॅमसारखी दाट. मर्लो मऊ, नवख्याला सोपी. शार्डोने मात्र मला जरा जास्तच डोक्यावर घेतलेली वाटते: तिच्यातला लोण्याचा वास द्राक्षाचा नाहीच, तो मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करणाऱ्या जिवाणूंचा, आणि व्हॅनिला ओकच्या पिंपाचा.

तांबड्या रश्शाबरोबर कॅबरने घेऊ नये. टॅनिन तिखटाचा जाळ आणखी वाढवतं. तिथे किंचित गोड शेनिन, चांगली गार करून. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात, पण ती खोली थंड युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेली बरी. आणि नाशिकची साधी शेनिन किंवा सोव्हिन्यों कपाटात जपून ठेवू नका. बहुतेक बाटल्या एक-दोन वर्षांतच संपवायच्या असतात.