उभा धागा, आडवा धागा

आरमोरीतल्या आमच्या घराचं सागवानी दार मे महिन्यात सैल पडतं आणि आषाढात चौकटीत असं रुतून बसतं की खांदा लावावा तेव्हा उघडतं. मात्र ते फुगतं फक्त रुंदीला. लांबीत केसाएवढाही फरक जाणवत नाही. कारण लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची मोळी. दमट हवेतलं पाणी नळ्यांच्या भिंतींत मुरतं, भिंती जाडावतात. नळ्या काही लांबत नाहीत.

एवढ्याशा गोष्टीवर अख्खा प्लायवूड उभा आहे! ओंडका गोल फिरवत पात्याने त्याचा लांबच लांब पापुद्रा सोलून काढतात. एक पापुद्रा उभा, त्यावर गोंद, त्यावर दुसरा आडवा. एक थर ज्या दिशेला फुगू पाहतो, नेमक्या त्याच दिशेला शेजारच्या थराची न वाढणारी लांबी पडलेली असते. तो त्याला हलू देत नाही. आरमोरी कोसा रेशमाचं गाव. मागावर कोशाचं कापड विणताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना उभ्या-आडव्याची ही पकड वेगळी समजावायला नको. थरही विषम संख्येत असतात, म्हणजे दोन्ही तोंडांचे थर एकाच दिशेचे राहतात आणि फळी वाकत नाही.

लाकूड जितकं बारीक करावं, तितकं ते मऊ वागतं आणि तितकाच त्याचा जोर ओसरतो. ब्लॉकबोर्डाच्या पोटात अखंड पट्ट्या असतात, म्हणून कपाटाच्या उंच पल्ल्याला मी तोच घेईन. प्लायचा उंच पल्ला बाक धरू शकतो. एमडीएफमध्ये लाकूड वाफेवर शिजवून त्याचे तंतू सुटे केलेले. त्याला रेषाच उरत नाही, म्हणून कोणत्याही बाजूने नक्षी कोरा, कड तुटत नाही आणि रंग आरशासारखा बसतो. पार्टिकल बोर्डात नुसता चुरा. स्वस्त, पण स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात पुन्हा नीट धरत नाही.

मी या चारही फळ्यांचे तुकडे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी पार्टिकल बोर्डाचा तुकडा कडांनी फुलला होता. उन्हात वाळला, तरी पहिल्या जाडीवर आला नाही. कारखान्यात गरम दाबाखाली चपटा केलेला चुरा पाण्याने मोकळा झाला होता, आणि आता त्याला पुन्हा दाबणार कोण? आपल्याकडच्या पावसात सिंकखाली तो कधीच लावू नये.

तिथे आयएस 710 या भारतीय मानकाचा छापा असलेला प्लाय हवा. या प्रतीच्या नमुन्याला प्रयोगशाळेत 72 तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात. त्याला फिनॉलचा गोंद असतो. कापलेल्या कडेवर थरांमधल्या रेघा गडद तपकिरी दिसतात. साध्या प्लायच्या युरियाच्या गोंदाच्या फिकट. पण रंग घालूनही रेघ गडद करता येते, म्हणून आमचे मिस्त्री वीतभर तुकडा मागून आणतात आणि चुलीवरच्या पातेल्यात टाकतात.

सागाच्या मुलखात दुकानातला बराचसा प्लाय मात्र दूर हरियाणातल्या यमुनानगरचा, शेतात वाढवलेल्या पॉप्लरचा. साग त्याच्या तोंडावरच्या पापुद्र्यापुरता. परवा तसाच एक तुकडा पातेल्यातून निघाला तेव्हा मिस्त्रींनी थरांच्या फटीत पटाशीचं टोक घालून पाहिलं. पॉप्लर फाटला, गोंद सुटला नाही.