निवडणूक आणि सरकारी जमाखर्च : पेडणे महालातून

२०२२ च्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू होती. एका सायंकाळी दुकानात दिवाबत्ती होते न होते तोच आमच्या पेढीवर एका पक्षाचे चार कार्यकर्ते आले आणि वर्गणी घेऊन गेले. तासाभराने दुसऱ्या पक्षाचे तिघे आले. त्यांनाही आम्ही विन्मुख पाठविले नाही. रात्री रोजमेळ जुळविताना मुनीमजींनी सहज विचारले, "शेठजी, ह्या रकमा कोणत्या खाती लिहू?" आम्ही क्षणभर थांबलो आणि "किरकोळ" असे सांगून मोकळे झालो. पावती दोघांनीही दिली नव्हती आणि आम्ही ती मागितलीही नव्हती. सुतळीच्या गड्ड्याचीसुद्धा पावती घेतल्याखेरीज पैसा न सोडणारे आम्ही!

यंदाच्या स्मरणिकेसाठी राज्याच्या कारभाराविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम ती रात्र आठवली. कोणा एका पक्षाची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या सभासदांत सर्व मतांची मंडळी आहेत, ती दिवाळीच्या फराळाला एका पंक्तीत बसतात आणि तशीच बसावीत. परंतु जमाखर्च हा आपला पिढीजात विषय आहे. त्यावर बोलण्याचा अधिकार आपणांस कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही.

पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ साली, म्हणजे नव्या काबिजादीतला हा उशिराचा मुलूख. तेरेखोल नदीच्या पलीकडे आमच्या वाडवडिलांची सोयरीक आणि उधारी, दोन्ही बांदा-सावंतवाडीकडे पसरलेली होती. १९५५ च्या ऑगस्टमध्ये पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती ह्याच महालाची भूमी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. त्या वेळी लोकांनी उमेदवाराला विचारले ते दोनच प्रश्न : महाराष्ट्रात जाणार की नाही, आणि कसेल त्याला जमीन मिळणार की नाही. खर्चाचे कोणी विचारले नाही आणि विचारण्याचे तितके कारणही नव्हते. दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक व व्यापारी; त्यांच्या राजवटीत गावोगाव शाळा निघाल्या, त्या पैशाबद्दल कोणाच्या मनात किंतू आला नाही. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ अशी मते पडली. पेडण्याने आपला कौल विलीनीकरणाच्या बाजूने दिला होता. तो हरला, आणि महालाने तो निकाल मुकाट्याने मान्य केला. ह्या घटनेचा आम्हांस आजही अभिमान वाटतो. हरलेल्या पक्षाने निकाल मानणे ही लोकशाहीतली पहिली साख होय.

केंद्रशासित प्रदेश होता तोवर खर्चाला दिल्लीचा हात होता. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाले आणि संसार आपला आपण चालविण्याची पाळी आली. त्यानंतरचे दशक मात्र असे गेले की, १९९० च्या मार्चपासून २००० च्या ऑक्टोबरपर्यंत मुख्यमंत्रिपदाचे डझनभर शपथविधी झाले; १९९४ च्या एप्रिलात एका मुख्यमंत्र्यांची कारकीर्द आठवडाभरही टिकली नाही. ज्या पेढीचा मालक दर दहा-अकरा महिन्यांनी बदलतो, तिच्या हुंडीवर बाजारात कोण विश्वास ठेवील?

असो. खरा धडा आम्हांस २०१२ ने शिकविला, आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे आहे.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये निवडणूक होऊन नवे सरकार आले. निवडणुकीत दिलेला शब्द पाळण्यासाठी एप्रिलात पेट्रोलवरील कर जवळजवळ नाहीसा करण्यात आला. लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी भाव उतरला आणि सावंतवाडीकडची वाहने आमच्या हद्दीतल्या पंपांवर रांगा लावू लागली. त्याच वर्षी गृहिणींसाठी गृह आधार योजना निघाली, प्रारंभी महिना हजार रुपयांची आणि पुढे दीड हजारांची. मुलींच्या विवाहासाठी लाख रुपयांची लाडली लक्ष्मी योजनाही तेव्हाचीच. वृद्ध व निराधारांसाठीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना त्याआधी दहा वर्षे चालू होतीच. ह्या योजनांना आमचा विरोध नाही. गृहिणीच्या हाती पडलेले दीड हजार रुपये महिनाअखेर तांदूळ, तेल आणि कापड ह्यांच्या रूपाने आमच्याच गल्ल्यात येतात. ह्या पैशावर टीका करणारा दुकानदार आपल्याच गिऱ्हाइकावर टीका करतो.

परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. आधी राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खनिज उत्खनन बंद केले. २०१४ मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा पडली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे ठप्प. न्यायालयाच्या निकालाविषयी आम्ही बोलत नाही. बेसुमार खोदाईने डिचोली-सत्तरीची शेते चिखलाने भरली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही बोलतो ते वहीविषयी. एप्रिलात कर सोडला, त्याच वर्षात मासिक देणी वाढविली आणि सप्टेंबरात उत्पन्नाचे मोठे खाते बंद पडले. देणे कायमचे आणि येणे बेभरवशाचे, अशी ती स्थिती झाली. पेट्रोलवरचा कर हळूहळू परत चढवावा लागला, त्याचा समारंभ मात्र कोणी केला नाही.

आमच्या डिचोलीच्या सभासदांना हे सांगावयास नको. ट्रकांचे टायर, सुटे भाग, डिझेल ह्यांच्या उधाऱ्या त्यांच्या खतावणीत २०१२ सालापासून पडून आहेत. एका वयोवृद्ध सभासदांनी ते पान आम्हांला दाखविले. चौतीस नावे होती. त्यांतले काही ट्रकमालक वारले, काही परदेशी गेले, काही अजून रस्त्यात भेटले की मान खाली घालतात. "वसुलीला कोणत्या तोंडाने जाऊ?" असे त्या गृहस्थांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

सरकारी अंदाजपत्रकाचा आकार पाहिला म्हणजे सामान्य माणूस दबून जातो. २०२५-२६ चे गोव्याचे अंदाजपत्रक सुमारे २८,१६२ कोटी रुपयांचे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या थोडी वर. भागाकार केला तर माणशी एक लाख नव्वद हजारांहून अधिक रक्कम येते. (ह्यात जुन्या कर्जाची फेडही धरलेली असते, हे लक्षात ठेवावे.) पाच माणसांच्या कुटुंबाच्या नावे वर्षाला साडेनऊ लाख रुपये सरकार लिहिते, त्या कुटुंबाने आपल्या आमदाराला त्यांतल्या एका रुपयाचा तरी हिशेब विचारला काय? आम्ही तरी विचारला नाही.

पेडणे महालात काम झाले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. तिळारी धरणाचे पाणी आले. महाराष्ट्र आणि गोवा ह्यांच्या भागीदारीचे हे काम, खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार गोव्याने उचललेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे आणि त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे २,८७० कोटी. तो मुख्यतः मक्ता घेणाऱ्या कंपनीचा, राज्याने जमीन दिली. निविदेप्रमाणे उत्पन्नाचा ३६.९९ टक्के वाटा राज्याला मिळावयाचा आहे, पण आरंभीची काही वर्षे सोडून. मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड ह्या गावांच्या पठाराची किंमत ह्या आकड्यांत कोठे बसते, ते ज्यांची काजूची झाडे गेली त्यांनाच विचारावे. पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांना विमानतळावर उभे राहण्याच्या जागेसाठी २०२३ मध्ये आंदोलन करावे लागले. आमच्या बाजारपेठेत सर्वांत अधिक विक्री झाली ती विमाने उडू लागल्यावर नव्हे, तर बांधकामावरचे मजूर येथे राहत होते त्या काळात.

आमची तक्रार मोठ्या कामांविषयी नाही, ती कामे उभी राहिल्यानंतरच्या खर्चाविषयी आहे. दुकान बांधणे हा एकवारचा खर्च. कौले परतणे, नोकरांचा पगार, वीज हा दर साल येणारा. तिळारीचा कालवा फुटला आणि पाणी बंद पडले, अशा बातम्या अलीकडे वारंवार वाचाव्या लागतात. नव्या कामाच्या कोनशिलेवर नाव लागते. कालव्याच्या डागडुजीला कोनशिला नसते. म्हणून उमेदवार प्रचारात नवे काय आणणार ते सांगतो, जुने कसे चालविणार ते सांगत नाही, आणि आपण टाळ्या वाजवितो त्याही नव्यालाच.

आता उमेदवारांविषयी. पूर्वी ह्या महालात मांद्रे, पेडणे आणि धारगळ असे तीन मतदारसंघ होते. पुनर्रचनेनंतर २०१२ पासून धारगळ गेले, दोन राहिले. पेडणे हा राज्यातील अनुसूचित जातींसाठी राखीव असा एकमेव मतदारसंघ झाला. मतदार मात्र जागरूक आहे. २०१७ मध्ये मांद्रेने आपले आमदार व विद्यमान मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर ह्यांना घरी बसविले आणि काँग्रेसचे दयानंद सोपटे ह्यांना निवडले. सोपटे २०१८ च्या ऑक्टोबरात आमदारकीचा राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात गेले, २०१९ च्या एप्रिलात पोटनिवडणूक लढवून पुन्हा निवडून आले आणि २०२२ मध्ये पराभूत झाले. पेडण्याहून २०१७ मध्ये मगो पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले मनोहर आजगावकर २०१९ च्या मार्चमध्ये, तिघांपैकी दोन आमदारांच्या गटातून, त्याच पक्षात गेले; दोन-तृतीयांशांच्या तरतुदीमुळे त्यांना मतदारांपुढे पुन्हा उभे राहण्याची गरज पडली नाही.

दोघांनी पक्ष बदलला. पण आमच्या लेखी दोन्ही नोंदी सारख्या नाहीत. भागीदारी मोडावयाची तर जुना करार रद्द करून, सावकाराला सांगून मोडावी. दुकानाची पाटी रात्रीत बदलू नये. राजीनामा देऊन परत मत मागणाऱ्याने निदान सावकाराला विचारले. पोटनिवडणुकीचा खर्च सरकारी तिजोरीवर पडतो, हे खरे. तथापि तो खर्च आम्ही उधळपट्टीत धरीत नाही. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे पंधरांपैकी दहा आणि २०२२ च्या सप्टेंबरात अकरांपैकी आठ आमदार असेच मतदारांना न विचारता सत्ताधारी पक्षात गेले. विरोधी बाके रिकामी झाली की पहिला तोटा खर्चाच्या तपासणीचा होतो. पुरवणी मागण्यांवर प्रश्न कोण विचारणार? लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांच्या अहवालाचे पान उलटून कोण पाहणार? ज्या पेढीत मुनीम आणि मालक एकच, तेथे ताळेबंद नेहमीच जुळतो.

कायद्याने आपल्या हाती काही ठेवले आहे, ते आमच्याप्रमाणेच अनेकांना ठाऊक नसेल म्हणून येथे नमूद करतो. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून २८ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. निकालानंतर तीस दिवसांच्या आत त्याला तारीखवार हिशेब, पावत्यांसह, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दाखल करावा लागतो. न केल्यास तीन वर्षे अपात्रता येऊ शकते. आणि एक रुपया शुल्क भरून कोणाही नागरिकाला तो हिशेब पाहता येतो. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, ही मोठी फट आहे खरी. पण जे उघडे आहे ते तरी आपण कोठे पाहतो? वर्गणीचेही तसेच. २०१७ पासून राजकीय पक्षाला दोन हजारांहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि रोखीने दिलेल्या वर्गणीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. धनादेश दिला तर वहीत खरे खाते लिहिता येते. ह्यावर एका स्नेह्यांनी हरकत घेतली की, धनादेश दिला म्हणजे कोणाला किती दिले ते दिसते, आणि उद्या दुसरा पक्ष सत्तेवर आला तर? हरकत पोकळ नाही. परवाना, वजनमापे, वखारीची पाहणी, ह्या साऱ्यांत व्यापाऱ्याला सरकारशी रोजचे काम पडते. भय हे आमच्या "किरकोळ" खात्याचे मूळ भांडवल आहे, हे आम्ही ह्या ठिकाणी कबूल करतो.

चालू विधानसभेची मुदत २०२७ मध्ये संपते. गेल्या पाडव्याला नव्या वह्या घातल्या तेव्हा आम्ही मुनीमजींना "निवडणूक वर्गणी" असे स्वतंत्र खाते उघडावयास सांगितले आणि पावतीखेरीज त्यात एकही नोंद करू नये, असे बजावले. मुनीमजी हसले. त्यांनी ठळक अक्षरांत मथळा लिहिला, खाली रेघ मारली, आणि पावती न देणारे आले तर काय सांगावयाचे ते आपणच गल्ल्यावर बसून सांगावे, अशी अट आम्हांलाच घातली. ती आम्ही मान्य केली आहे.