खेळ सुटला, तरी नेम राहतो

"पोट्टी चांगली खेळायची, लग्न झालं अन् सुटलं सगळं!" अमरावती-अकोल्याकडे हे किती सहज बोललं जातं, नाही? पण खेळ सुटला म्हणून शिकलेलं थोडंच सुटतं?

नेमबाज दीपाली देशपांडे २००४ साली अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये उतरल्या. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, उभ्यानं नेम धरायचा हा प्रकार. पुढे त्या प्रशिक्षक झाल्या. २० वर्षांनी, २०२४मध्ये, पॅरिसला त्याच प्रकारात त्यांचा शिष्य, कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, कांस्यपदक घेऊन आला. या प्रकारातलं भारताचं पहिलंच ऑलिम्पिक पदक!

अमरावतीत तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासूनचं. मैत्रिणींनो, गावातल्या जुन्या खेळाडू ताईला मैदानावर परत बोलवा. आपल्या पोरींना शिकवायला तिच्याहून चांगलं कोण?