आजाराला तिथी नसते, विम्याला असते

तिथी न पाहता येतो तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. त्या अर्थाने आजारासारखा अतिथी दुसरा नाही. तो पंचांग पाहून येत नाही आणि घरातील शिल्लक विचारून मुक्काम ठरवीत नाही. म्हणूनच अमेरिकेत स्वतःच्या पैशाने आरोग्यविमा घ्यावयाचा तर तो वर्षातील ठरावीक आठवड्यांतच घेता येतो, एरवी रक्कम हातात घेऊन उभे राहिले तरी मिळत नाही, हे प्रथमच ऐकणाऱ्यास विपरीत वाटते. दुकान उघडे, माल शिल्लक, गिऱ्हाईक दारात. आणि दुकानदार म्हणतो, 'आता नोव्हेंबरात या!' हा कोणता व्यवहार, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

नोंदणीच्या या काळास तेथे 'ओपन एनरोलमेंट' म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज त्या देशात नोकरी-व्यवसाय करीत असल्याने हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. परंतु त्याकडे लक्ष देण्याचे त्याहून मोठे कारण असे की, ही वार्षिक खिडकी का ठेवावी लागते हे उमगले म्हणजे विमा या संस्थेचे मर्मच उमगते; आणि ती खिडकी कोठवर न्याय्य आहे व कोठे अन्यायाची होते, याचाही निवाडा करता येतो.

विमा म्हणजे अखेर वर्गणी. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावयाचे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने त्यातून घ्यावयाचे. तहान लागल्यावर विहीर खणू पाहणाऱ्यास आपण हसतो. पण गावाने खणलेल्या विहिरीची वर्गणी तहान लागेल त्या दिवशी दिली तरी चालेल, असा नियम झाला तर आधीपासून वर्गणी कोण देईल? विम्याचेही तसेच आहे. रोगाचे निदान झाल्यावर विमा घेण्याची मुभा असेल, तर निरोगी माणूस तोवर थांबेल. निधीत केवळ आजारीच उरतील, हप्ता चढेल, चढलेला हप्ता पाहून थोडे कमी आजारी असलेलेही बाहेर पडतील, आणि शेवटी विहीर कोरडी पडेल. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, याची चिकित्सा केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात केली. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन, वृद्धांना विमा मिळणे का कठीण जाते, हेही त्याच ओघात दाखवून दिले. या दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा केवळ ग्रंथातील सिद्धांत नव्हे. १९९०च्या दशकात न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांनी, येईल त्याला विमा द्यावाच लागेल, असे बंधन कंपन्यांवर घातले. मात्र विमा घेण्याचे बंधन कोणावरच घातले नाही. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला की निरोगी लोक गळत गेले, हप्ते भडकले आणि स्वतःहून विमा घेणाऱ्यांची संख्या रोडावली. इतर बहुतेक राज्यांत याच्या उलट स्थिती होती. तेथे मधुमेही वा हृदयरोगी माणसास कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. एका व्यवस्थेत विमा महाग, दुसरीत गरजवंतालाच तो दुर्मिळ.

२३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी स्वाक्षरी केलेला कायदा या पेचातून काढलेला मार्ग होता. तो तिवईसारखा तीन पायांवर उभा केलेला होता. कंपनीने कोणालाही जुन्या आजाराच्या कारणास्तव नाकारावयाचे नाही वा त्यासाठी जादा हप्ता आकारावयाचा नाही, हा पहिला पाय. प्रत्येकाने विमा घ्यावा, न घेतल्यास दंड भरावा, हा दुसरा. ज्यांची ऐपत नाही त्यांना सरकारने हप्त्यात मदत करावी, हा तिसरा. यांपैकी दंड सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कर म्हणून वैध ठरविला. पण डिसेंबर २०१७च्या कायद्याने तो २०१९ पासून शून्यावर आणला गेला. काही राज्यांनी आपला स्वतंत्र दंड ठेवला आहे, तथापि देशभराचा पाय निखळला तो निखळलाच. तरीही तिवई कोसळली नाही. सरकारी मदतीने तिला तोलून धरले, आणि नोंदणीच्या मर्यादित काळाने तिला टेकू दिला. आज विमा घेतला नाही तर उद्या आजारी पडल्यावर कदाचित वर्षभर मिळणार नाही, हे भयच आता दंडाचे काम करते.

म्हणजे ही खिडकी कंपन्यांची लहर नव्हे. जुन्या आजाराची चौकशी न करता सर्वांना प्रवेश देण्याच्या वचनाची ती किंमत आहे. हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्यावर टीका करणे उचित होणार नाही.

नियमांतही माणुसकीची सोय ठेवलेली आहे. ज्याच्या आयुष्यात विशिष्ट बदल घडला त्यास वर्षात केव्हाही खास मुदत मिळते. नोकरी गेल्याने विमा सुटला, विवाह झाला, मूल जन्मले वा दत्तक घेतले, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविले, अशा घटनांनंतर सामान्यतः ६० दिवसांत नवा विमा घेता येतो. नवजात बालकाचा विमा तर जन्मदिवसापासून लागू होतो. मात्र नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात अशी मुदत पुष्कळदा ३० दिवसांचीच असते. आणि आजारी पडणे ही मात्र अशी घटना मानलेली नाही. हप्ता थकवून विमा गमावला तरीही ही सवलत मिळत नाही. गरिबांसाठी असलेल्या 'मेडिकेड'ला कालमर्यादा नाही. पात्र माणूस वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतो.

तेथील मराठी कुटुंबांना या तारखांचा जाच विशेष जाणवतो. एच-१बी परवान्यावर गेलेल्या अभियंत्याची नोकरी सुटली, की देशात राहून दुसरी नोकरी शोधण्यास त्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि नवा विमा घेण्याची मुदतही तितकीच. जुन्या कंपनीचाच विमा १९८५ सालच्या 'कोब्रा' कायद्याखाली साधारणतः १८ महिने चालू ठेवता येतो; परंतु मालक भरीत असलेला वाटाही मग स्वतःच भरावा लागतो. शिवाय २०२५च्या कायद्यानुसार, १ जानेवारी २०२७ पासून अशा परवानाधारकांना हप्त्यातील सरकारी मदत मिळणार नाही. वृद्ध आई-वडिलांचे गणित आणखी निराळे. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या, पण तेथे कधी नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना हप्ता भरून 'मेडिकेअर'मध्ये यावयाचे तर सामान्यतः सलग पाच वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते. पात्र झाल्यावर पहिल्या नोंदणीसाठी सात महिन्यांचा अवधी असतो. तो विनाकारण दवडल्यास डॉक्टरांच्या उपचारासंबंधीच्या भागाचा हप्ता, उशिराच्या दर बारा महिन्यांमागे १० टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ सहसा जन्मभर भरावी लागते. परीक्षेचा अर्ज उशिरा भरल्यास एकदा विलंबशुल्क द्यावे लागते. येथे ते दरमहा.

येथवर खिडकीचे समर्थन झाले. आता तिच्या रुंदीचा प्रश्न. पहिल्या वर्षी ती १ ऑक्टोबर २०१३ ते ३१ मार्च २०१४ अशी सहा महिने उघडी होती. संघराज्याच्या यंत्रणेत २०१८ सालच्या विम्यापासून ती १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर अशी आकुंचित झाली. २०२२ सालच्या विम्यासाठी ती १५ जानेवारीपर्यंत वाढली; आणि जून २०२५च्या नियमानुसार २०२७ सालच्या विम्यापासून ती पुन्हा १५ डिसेंबरला मिटावयाची आहे. सत्ता पालटली की खिडकीची चौकट पालटते. मुदत कमी केली म्हणजे संधिसाधूंना आळा बसतो, असा यामागील युक्तिवाद.

तो तपासून पाहिला पाहिजे. खिडकी उघडताच पहिल्या दिवशी रांगेत कोण उभा राहतो? ज्याला दरमहा इन्सुलीन लागते तो, ज्याची शस्त्रक्रिया ठरलेली आहे तो. शेवटच्या आठवड्यापर्यंत चालढकल कोण करतो? ज्याला कधी डोकेही दुखत नाही असा पंचविशीतला तरुण. निधी सशक्त राहावयाचा तर गरज आहे ती नेमकी याच तरुणाच्या वर्गणीची. मुदत तोडली की आजारी माणूस सुटत नाही, सुटतो तो निरोगी. ज्या हेतूने कुंपण घातले त्याच हेतूचा घात ते अधिक आवळल्याने होऊ शकतो.

दुसरी गोष्ट माहितीची. २०१७ साली नोंदणीच्या सरकारी प्रचाराचा खर्च १० कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणला गेला, आणि मुदतही त्याच हंगामात कमी झाली. २०२५ साली लोकांना अर्ज भरण्यास साहाय्य करणाऱ्या मार्गदर्शकांचे अनुदान सुमारे ९० टक्क्यांनी छाटण्यात आले. तारीख चुकल्याची शिक्षा वर्षभराची, आणि तारीख सांगणाऱ्याचेच तोंड बंद! सुशिक्षित नोकरदारास कचेरीतून आठवण होते. शेतमजूर, मोटारचालक, भाषा न येणारा नवागत यांना कोण सांगणार?

तिसरी गोष्ट ऐपतीची. २०२१ पासून दिलेली वाढीव मदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. तिच्यावरूनच ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३ दिवस संघराज्याचा कारभार ठप्प होता, आणि त्या गोंधळातच १ नोव्हेंबरला २०२६ सालची नोंदणी सुरू झाली. ही मदत पुढे चालणार की नाही, हे ठाऊक नसताना लोकांनी विमा निवडावयाचा होता. अशा वेळी खिडकी उघडी आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही.

आपण भारतीयांनी यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडे खाजगी आरोग्यविमा बाराही महिने विकत मिळतो, हे खरे. परंतु दारावरचा पहारेकरी प्रकृतीचा इतिहास विचारतो, आणि त्यावरून कंपनी नकारही देऊ शकते. प्रवेश मिळालाच तर आधीपासूनच्या आजारावरील खर्चासाठी थांबावे लागते. हा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली तीन वर्षांवर आणला. तारखांचे बंधनही आपल्याकडे आहेच. एका कंपनीकडून दुसरीकडे जावयाचे तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. नूतनीकरणाची सवलतीची मुदत उलटली, तर तोवर जमविलेला प्रतीक्षाकाळ वाया जाऊ शकतो. अमेरिकेतील मधुमेही खिडकीच्या दिवसांत गेला तर निमूटपणे विमा पदरात पडतो. आपल्याकडील मधुमेही केव्हाही जाऊ शकतो, पण विमा मिळेलच याची खात्री नाही. कुंपण दोन्हीकडे आहे. तेथे ते दिनदर्शिकेचे आहे, येथे वैद्यकीय तपासणीचे.

या दोहोंत दिनदर्शिकेचे कुंपण अधिक न्याय्य, असे आमचे मत आहे. तारीख सर्वांना सारखीच असते. प्रकृती सारखी नसते, आणि ती आपल्या हातीही नसते. परंतु ज्या व्यवस्थेला तारखेच्या आधारे माणसास बाहेर ठेवावयाचे आहे, तिने ती तारीख घरोघर पोहोचविली पाहिजे, मुदत पुरेशी ठेवली पाहिजे, आणि हप्ता किती पडेल हे आधी निश्चित सांगितले पाहिजे. ही तीन कर्तव्ये पार पाडल्यावरच चुकलेल्याला 'पुढील वर्षी या' असे सांगण्याचा अधिकार तिला पोहोचतो. ज्यांचे आप्त त्या देशात आहेत त्यांनी पत्रातून, दूरध्वनीवरून नोव्हेंबरची आठवण अवश्य द्यावी, आणि स्वतःच्या विम्याच्या नूतनीकरणाचा दिवसही एकदा पाहून ठेवावा. तथापि, कोट्यवधी नागरिकांचे आरोग्य आप्तांच्या आठवणीवर सोपवून कोणत्याही सरकारला मोकळे होता येणार नाही.