पिशवी काढली, पण आधाराचं काय?

पोलादपूरच्या वाड्यांवर नाचणी-वरी, खाली महाडकडे सावित्रीकाठची भातखाचरं. बऱ्याच घरांतले पुरुष मुंबईला. लावणीला वाकणं आणि डोक्यावरची मोळी बाळंतपणानंतरही फार दिवस चुकत नाही. मग कधीतरी आंघोळ करताना हाताला गोळा लागतो. ‘अंग बाहेर येतंय’ हे सुनेलाही सांगवत नाही. अशी दुखणी किती लपून राहतात? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला; त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

डॉक्टरकडे पोचलंच, तर ‘गर्भाशयाची पिशवी काढून टाका’ हे ठरलेलं. पण दोष पिशवीचा नसतो. तिला तोलणारे स्नायू बाळंतपणात फाटतात, कोलॅजनचे बंध सैलावतात. ते नीट बांधले नाहीत, तर पिशवी काढल्यावर योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो.

मुंबईच्या डॉ. पुरंदरे यांनी बाईच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी काढून गर्भाशयमुख टांगण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे प्लास्टिकची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली. योनीमार्गे बसवलेली ही जाळी काहींच्या शरीराने स्वीकारलीच नाही: सूज, वेदना, जाळी योनीत उघडी पडणं. २०१९ मध्ये अमेरिकेने या उपचारासाठी तिची विक्री थांबवली.

जाळी शरीराला मानवावी, म्हणून मूळपेशींचा आधार घेता येईल का? मेलबर्नच्या कॅरोलीन गार्गेट यांच्या गटाने मूळपेशी शोधल्या त्या नेमक्या गर्भाशयाच्या अस्तरात. दर पाळीला गळून पुन्हा उगवणारं हे अस्तर. दुरुस्तीचा सराव त्याच्याइतका कुणाला? चिमूटभर नमुना भूल न देताही काढता येतो. पेशी वाढवून मऊ जाळीवर पेरल्या, की सूज आटोक्यात राहते आणि नवं कोलॅजन धरतं, असं उंदीर-मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. पाळी गेलेल्या बाईचं अस्तरही थोडे दिवस इस्ट्रोजेन दिल्यावर या पेशी देतं. आपल्याकडे बायका तपासणीला येतात त्याच वयात, म्हणून मला हे जास्त मोलाचं वाटतं. म्हणजे जी पिशवी आपण काढून टाकतो, दुरुस्तीचं सामान तिच्यातच.

बायकांवर सर्रास वापरण्याइतका हा उपचार अजून पुढे आलेला नाही. तोवर सिलिकॉनची रिंग आहे. डॉक्टर मापाची बघून आत बसवतात, ती गर्भाशय वर तोलून धरते. टाके नाहीत, भूल नाही. फक्त अधूनमधून काढून धुवायची आणि तपासणी चुकवायची नाही.