वैताग कोणाचा?

इंग्रजीचे अध्ययन करणारा आपला विद्यार्थी 'अँग्रिली' म्हणजे रागाने आणि 'ॲनॉयिंगली' म्हणजे वैतागाने, अशी नोंद एकाखाली एक करून मोकळा होतो. परंतु एकाच 'ली' प्रत्ययाने सिद्ध झालेल्या या दोन क्रियाविशेषणांची वृत्ती परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहे, हे त्याच्या ध्यानी सहसा येत नाही. एखादा गृहस्थ 'अँग्रिली' बोलला, तर राग त्याचा स्वतःचा असतो. तोच 'ॲनॉयिंगली' बोलला, तर तो कदाचित अत्यंत प्रसन्नचित्त असेल, वैतागलेले असतात ते ऐकणारे.

या विसंगतीचे मूळ शब्दाच्या कुळकथेत आहे. 'मला त्याचा तिटकारा आहे' अशा अर्थाच्या लॅटिन प्रयोगातील 'इन ओडिओ' हे पद जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारे इंग्रजीत 'ॲनॉय' होऊन उतरले. त्या मूळ प्रयोगातला त्रासलेला मनुष्य कर्ता नसून, 'मला वैताग आला' या आपल्या वाक्यातल्याप्रमाणे, चतुर्थीत उभा असतो. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंडविधानाचे 268 वे कलमही सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना 'ॲनॉयन्स' ज्यांना सोसावा लागतो त्या लोकांकडेच पाहत असे. ढोल बडवणारा किती आनंदात होता, ही सबब तेथे चालत नसे.

'ॲनॉयिंगली' या शब्दाचे उपयोग तीन. क्रियेची रीत सांगणे हा पहिला. विशेषणाला जोडून 'ॲनॉयिंगली पंक्चुअल', म्हणजे इतरांना नकोसा व्हावा इतका वक्तशीर, असे म्हणणे हा दुसरा. तिसरा सर्वांत मार्मिक: वाक्यारंभी स्वल्पविरामासह येऊन 'ॲनॉयिंगली, इट रेन्ड' असे म्हटले, की पाऊस कसा पडला हे न सांगता बोलणाराच आपली कुरकुर दाखल करतो.

या तिसऱ्या जागी आपले भाषांतरकार 'त्रासदायकपणे पाऊस पडला' असे लिहून पावसावर नाहक फिर्याद गुदरतात. वास्तविक आपल्या घरातील कोणीही वडीलधारी स्त्री 'नेमका आज पाऊस आला', किंवा 'मेली किल्ली सापडत नाही', असे म्हणून तोच भाव एका शब्दात व्यक्त करते. तेव्हा या क्रियाविशेषणाचे मराठी करू पाहणाऱ्याने वैताग कोणाचा, हे आधी ठरवावे. तो बोलणाऱ्याचा असेल, तर 'नेमका' पुरेसा आहे.